पानिपतचे अखेरचे साक्षी

सन २००९ च्या जुलै महिन्यात इंग्लंडात हॅरी पॅच नावाचा एक वृद्ध वयाच्या १११ व्या वर्षी निवर्तला. पहिल्या महायुद्धात खंदकांत उभे राहून लढलेल्या ब्रिटिश सैनिकांपैकी तो शेवटचा. त्याच्या मृत्यूची वार्ता एखाद्या राजपुरुषाच्या मृत्यूसारखी सर्वत्र प्रसिद्ध झाली. या गृहस्थाची एक गोष्ट मात्र मनात घर करून राहते. वयाची शंभर वर्षे होईपर्यंत त्याने आपल्या युद्धाविषयी कोणापाशी अवाक्षर काढले नव्हते. पुढे बोलू लागला, तोवर त्याच्या म्हणण्याला दुजोरा देणारे किंवा हरकत घेणारे सोबती जवळजवळ उरले नव्हते.

ही हकीकत मी एकदा वरच्या वर्गात सांगितली, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, पानिपतात लढलेला शेवटचा माणूस कोणता?" मी उत्तर जुळवीत आहे तोच मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला, "आणि मल्हारराव पळाले, हे खरे का?" इंदुरात हा दुसरा प्रश्न निव्वळ इतिहासाचा राहत नाही. ज्या घराण्याने हे शहर उभे केले, ज्या घरातील सुनेचा पुतळा राजवाड्यासमोरच्या बागेत आहे, त्या घराच्या मूळपुरुषावरचा हा आरोप आहे. त्या दिवशी दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी निरनिराळी दिली. पुढे विचार करता वाटू लागले की, ते दोन प्रश्न नव्हेतच. शेवटपर्यंत जगला कोण आणि दोष कोणाला लागला, यांचा परस्परांशी निकटचा संबंध आहे.

पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार, म्हणजे १४ जानेवारी १७६१, हा तो दिवस. त्या दिवशीच्या पडलेल्यांची नावे महाराष्ट्राला पाठ आहेत : विश्वासराव, भाऊसाहेब, यशवंतराव पवार, तुकोजी शिंदे, आणि लढाईनंतर कैदेत मारले गेलेले जनकोजी व इब्राहीमखान गारदी. समशेरबहाद्दर जखमी स्थितीत डीगपर्यंत पोहोचून तेथे वारला. वाचलेल्यांची अशी यादी कोणी पाठ करीत नाही. ती मृत्यूच्या क्रमाने लावली तर पुढीलप्रमाणे होते. मल्हारराव होळकर १७६६ त गेले, विठ्ठल शिवदेव विंचूरकर १७६७ त, दमाजी गायकवाड १७६८ त. त्यानंतर मोठी फट पडते. महादजी शिंदे १७९४ च्या फेब्रुवारीत पुण्यानजीक वानवडीस वारले. १३ मार्च १८०० रोजी नाना फडणीस पुण्यात निवर्तले आणि नामांकितांची यादी संपली. युद्ध झाल्याला तेव्हा एकोणचाळीस वर्षे लोटली होती.

या तीन मोठ्या वाचलेल्यांची, मल्हारराव, महादजी आणि नाना यांची, रणांगणावरची वये लक्षात ठेवण्याजोगी आहेत. मल्हारराव सदुसष्ट वर्षांचे, महादजी तिशीच्या आसपासचे, आणि नाना एकोणिसाव्यात. एकाच पराभवातून एक म्हातारा, एक तरणाबांड आणि एक पोरगेला कारकून असे तिघे बाहेर पडले. तिघांच्या वाट्याला त्या दिवसाची स्मृती तीन प्रकारांनी आली.

महादजींना ती शरीरावर मिळाली. पळतीच्या वेळी एका अफगाण स्वाराने त्यांचा दूरवर पाठलाग केला, गाठून पायावर घाव घातला आणि अंगावरचा ऐवज लुटून त्यांना तसेच टाकून तो निघून गेला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना उचलून बैलावर घातले आणि दक्षिणेच्या वाटेला लावले. तो पाय पुढे कायमचा अधू राहिला. या राणेखानाला महादजींनी भाऊ मानले आणि पुढे आपल्या फौजेतील थोर सरदारांच्या पंक्तीस बसविले. हे सर्वश्रुत आहे. त्यामानाने कमी सांगितली जाते ती स्वप्नाची गोष्ट. माल्कम साहेबाने १८१८ नंतर माळव्यात राहून जुन्या माणसांकडून जी माहिती गोळा केली, तिच्या आधारे त्याने मध्य हिंदुस्थानवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने नोंदले आहे की, महादजी ही पाठलागाची हकीकत पामर साहेबाला सांगत असत. आपली उमदी दक्षिणी घोडी पुढे धावते आहे, आणि मागून त्या अफगाणाचा बेढब, थोराड घोडा काही केल्या अंतर पडू देत नाही, असे दृश्य त्यांना पुढेही झोपेत दिसत असे. दिल्लीच्या बादशहाचा कारभार हाती घेतलेला, कवायती पलटणी बाळगणारा, उत्तर हिंदुस्थानचा हा सूत्रधार रात्री झोपला की पुन्हा पानिपतच्या वाटेवर असे. १७७१ त ज्या मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या, त्यांत महादजी होते. पुढच्याच वर्षी नजीबखानाच्या मुलखात घुसून पथ्थरगड घेतला गेला, तेव्हाही ते होते. इतिहासकार याला पानिपतचा सूड म्हणतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याची झोप परत आली नाही त्याला सूड किती पुरला असेल, याचाही विचार करावा.

पामर साहेबाचे नाव ध्यानात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

नानांची स्मृती कागदावर उतरली. बाळाजी जनार्दन भानू हे भाऊसाहेबांच्या स्वारीबरोबर फडणिशीच्या कामाने गेले खरे. पण जाण्यात यात्रेचाही हेतू होता. आई आणि पत्नी त्यांच्या सोबत होत्या. उत्तरेतील तीर्थे घडावीत, ही त्या काळच्या सुशिक्षित घराची स्वाभाविक इच्छा होती. स्वारीत बिनलढाऊ माणसांचा आणि कुटुंबांचा केवढा लोंढा होता आणि त्याचा हालचालींवर काय भार पडला, हे आपण बुद्धीने जाणतो. नानांच्या कुटुंबावरून ते डोळ्यांपुढे उभे राहते.

त्यांनी लिहिलेले आत्मचरित्र लहानसे आहे. ब्रिग्ज साहेबाने त्याचे इंग्रजी भाषांतर केल्यामुळे ते युरोपीय विद्वानांपुढेही गेले. मराठी गद्यात त्याची जागा मोठी मानावी असे माझे मत आहे, आणि ते केवळ पानिपतमुळे नव्हे. तरुणपणीची कामवासना, तिच्याविषयीची लाज, देवपूजेची ओढ, हे सारे हा लेखक ज्या सरळपणाने सांगतो तो अठराव्या शतकातील राजकारणी माणसाकडून आपल्याला अपेक्षित नसतो. युद्धाचा भाग आला की तो सेनापतीच्या डोळ्यांनी पाहत नाही. आपला जीव कसा वाचला एवढेच सांगतो. मोड झाल्यावर घोडा आणि चांगले कपडे टाकून पायी निघणे, वाटेत लुटारूंनी पुनःपुन्हा गाठणे, सोबत्यांवर वार होत असता गवतात दडून राहणे, भुकेपोटी झाडाचा पाला खाणे, पुढे एका बैराग्याकडून मिळालेल्या पिठाची गोडी लागणे, असे करीत करीत रेवाडी आणि मग डीग. पत्नी सुखरूप भेटली. आई मात्र त्या गर्दीत अंतरली ती कायमची.

आता या आत्मचरित्राचा विशेष पाहा. पानिपतानंतर थोड्याच काळापर्यंत येऊन ते थांबते. ज्या नानांना आपण ओळखतो, बारभाईंचे नाना, सालबाईच्या तहाचे नाना, खर्ड्याच्या छावणीतील नाना, त्यांच्याविषयी ते अक्षरही सांगत नाही. ज्याने चाळीस वर्षे दप्तर सांभाळले आणि हजारो पत्रे लिहिली, लिहविली, त्याने स्वतःविषयी सांगण्यासारखे जे मानले, ते एकोणिसाव्या वर्षापाशी आटोपले. पुढील साऱ्या आयुष्यात नानांनी फौजेचे नेतृत्व केले नाही. प्रतिपक्षी त्यांना भित्रा म्हणत. त्यांची सावधगिरी, प्रत्येक दरबारात पेरलेले बातमीदार, एका शत्रूला दुसऱ्याच्या हाताने रोखण्याची रीत, या सर्वांना मुत्सद्दीपणाचे ठेवणीतले नाव आपण देतो. मला त्यात गवतात लपलेला तो मुलगाही दिसतो. बातमी न कळल्यामुळे काय होते, हे त्याने एकदा पाहिले होते.

साक्षीदाराच्या अधिकाराची नानांना एक विलक्षण कसोटी द्यावी लागली. भाऊसाहेबांच्या मृत्यूविषयी महाराष्ट्रात शंका राहिली होती. सुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने १७८० त फारसीत जी हकीकत लिहिली, तीत मस्तकहीन देहाची ओळख शरीरावरील खुणांवरून पटविल्याचे व त्यास अग्नी दिल्याचे नमूद आहे. पण ही हकीकत शत्रूच्या छावणीतली आणि मागाहून लिहिलेली. पुण्यात पार्वतीबाईंनी कुंकू पुसले नव्हते. अशा वेळी उत्तरेकडून एक मनुष्य मीच सदाशिवराव म्हणून उभा राहिला. माधवराव पेशव्यांच्या अमदानीत त्याला कैदेत घातले, तेथून तो १७७६ त सुटला, आणि कोकणात त्याच्याभोवती हजारो माणसे व कित्येक किल्ले जमा झाले. अखेर रघोजी आंग्र्यांनी त्याला पकडले, पुण्यात पंचांपुढे चौकशी झाली व त्याला देहान्त शिक्षा देण्यात आली. नरसिंह चिंतामण केळकरांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकामुळे हे प्रकरण मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे.

तोतयाला मिळालेला पाठिंबा सगळाच भोळेपणातून आला नव्हता. कारभाऱ्यांवर रुष्ट असलेल्यांना तो सोयीचा होता. तरी पंधरा वर्षे उलटल्यावरही हजारो लोकांना भाऊ परत येण्याची आशा होती, हे खोटे ठरत नाही. त्या आशेपुढे उभे राहून, तो हा नव्हे, असे सांगण्याचे काम ज्या कारभाऱ्यांवर आले, त्यांचे अग्रणी नाना होते. भाऊसाहेबांना त्या मोहिमेत जवळून पाहिलेला, त्यांच्याच छावणीत राहिलेला आणि त्या संध्याकाळी त्यांच्याविना परतलेला हा माणूस. परतलेल्याने मेलेल्याविषयी साक्ष द्यावयाची, आणि ऐकणाऱ्यांच्या मनात, तू कसा वाचलास, हा प्रश्न असावयाचा. नानांना तो कोणी उघड विचारला नाही. मल्हाररावांना मात्र विचारला, आणि अद्याप विचारतात.

मल्हाररावांची स्मृती ना त्यांच्या लेखणीतून उतरली, ना कोणा साहेबाच्या कानी पडली. ती इतरांच्या हाती गेली. आरोप तीन पदरी आहे. पहिला, १७५७ त दिल्लीत हाती सापडलेल्या नजीबखानाला त्यांनी पाठीशी घालून सोडविले. दुसरा, मोठी तोफखान्याची लढाई न करता गनिमी काव्याने लढावे, बाजारबुणगे व कुटुंबे मागे ठेवावीत, हा त्यांचा सल्ला न मानल्याचा राग त्यांनी धरला. तिसरा, ऐन प्रसंगी ते रण सोडून गेले. भाऊसाहेबांच्या बखरीने पहिल्या मुद्द्याला एक तिखट वाक्यही मल्हाररावांच्या तोंडी घालून दिले आहे. नजीब गेला की पेशवे आपल्याला धोत्रे बडवावयास लावतील, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. असा ठसका असलेले वाक्य एकदा बखरीत आले की शंभर अस्सल पत्रे त्याला हलवू शकत नाहीत. राजवाड्यांनी १८९८ मध्ये आपल्या साधनांच्या पहिल्या खंडात पानिपतकालीन पत्रे छापली, आणि प्रस्तावनेत गोविंदपंत बुंदेल्यांबरोबर मल्हाररावांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. राजवाड्यांच्या लेखणीचा वचक असा की, पुढील पिढीतील शाळामास्तरांनी तोच निकाल वर्गावर्गांतून वाचून दाखविला. मीही प्रारंभीची काही वर्षे तेच केले, हे येथे कबूल केले पाहिजे.

नजीबखानाच्या बाबतीत मल्हाररावांचा बचाव करण्याची माझी इच्छा नाही. ती चूक होती आणि ती महागात पडली. सल्ल्याविषयी बोलावयाचे तर, कुटुंबे व अवजड सरंजाम मागे ठेवावा, असे सुरजमल जाटानेही सुचविले होते. म्हणजे तो एका रुसलेल्या म्हाताऱ्याचा हेका नव्हता. उरतो तो रण सोडल्याचा मुद्दा. मराठी फौजेच्या उजव्या बाजूस शिंदे-होळकर, समोर नजीबखान व शहापसंदखान, अशी त्या दिवशीची मांडणी होती. दुपारी विश्वासरावांना गोळी लागली, मध्य फुटला, भाऊसाहेब गर्दीत शिरून दिसेनासे झाले. त्यानंतर बाजूला उभ्या असलेल्या सरदाराने काय करावयाचे? सेनापती नाही, निशाण नाही, पुढचा हुकूम येण्याचा संभव नाही. पन्नास वर्षे घोड्यावर काढलेल्या शिपायाने शिल्लक राहिलेली फौज बाहेर काढली. भाऊंनीच बायकामाणसांना सांभाळून न्या असे सांगून पाठविले होते, असेही बखरीच्या परंपरेत आहे. म्हणजे आरोप आणि सफाई यांचा पुरावा एकाच घरचा. विंचूरकर आणि गायकवाड यांनीही त्या दिवशी रण सोडले. ते तर इब्राहीमखानाच्या बाजूस होते, आणि त्यांच्या सरकण्याने गारद्यांची बाजू उघडी पडली असे म्हणावयास जागा आहे. त्यांना कोणी पळपुटे म्हणत नाही. कारण उघड आहे. मागाहून शिंदे-होळकरांची जी तेढ वाढत गेली, जिचा शेवट १७९३ त लाखेरीच्या रणात एकमेकांवर तोफा डागण्यात झाला, त्या तेढीत पानिपत हे हत्यार होते. शिंद्यांच्या घरची माणसे पानिपतात पडली, होळकर परत आला, एवढे म्हटले की पुरे होत असे. विंचूरकरांशी असे वैर कोणाचे नव्हते.

मल्हाररावांनी स्वतः काय उत्तर दिले? शब्दांनी दिल्याचे दिसत नाही. परंतु पानिपतानंतर अकरा महिन्यांच्या आत, १७६१ च्या नोव्हेंबरात, त्यांनी मांगरोळला जयपूरच्या माधोसिंगाचा पराभव केला. मराठे संपले, असे समजून उठलेल्या राजपुतान्याला ते पहिले उत्तर होते. नानासाहेब पेशवे जूनमध्येच पर्वतीवर वारले होते; पुण्यात चुलत्या-पुतण्यांचा कलह उभा राहत होता. अशा वेळी माळवा हातून गेला नाही, याचे श्रेय त्या म्हाताऱ्याच्या फौजेला, म्हणजे पानिपतातून परत आणलेल्या फौजेलाही, द्यावे लागते. ती फौज त्या बुधवारी कापली गेली असती तर होळकरांची कीर्ती निष्कलंक राहिली असती. इंदूर राहिले असते की नाही, हे सांगवत नाही.

१७६५ च्या मे महिन्यात ते कोड्यास इंग्रजांविरुद्ध लढले व हरले. त्यांच्या शेजारी कोण होता? सुजाउद्दौला, पानिपतात अब्दालीच्या बाजूस उभा राहिलेला तोच. चार वर्षांत मांडणी एवढी बदलली होती. याच सुमारास त्यांनी सून अहिल्याबाईंना पाठविलेल्या सूचना प्रसिद्ध आहेत : तोफखाना बरोबर घेऊन ग्वाल्हेरच्या रोखे कूच करावे, गोळे-दारूची तजवीज नीट ठेवावी. तोफेच्या लढाईला नाक मुरडल्याचा ज्यांच्यावर आरोप, त्यांनी आयुष्याच्या शेवटी आपल्या सुनेला तोफा कशा सांभाळाव्यात हे शिकवावे, यातच पानिपतविषयीचे त्यांचे मत आले, असे मला वाटते. भागवत, ठाकूर यांसारख्या इंदूरच्या संशोधकांनी होळकर दप्तरातील कागद छापले नसते, तर एवढेही हाती लागले नसते. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हारराव वारले. तेथे अहिल्याबाईंनी बांधलेली त्यांची छत्री आहे.

ते आणखी वीस-पंचवीस वर्षे जगते, महादजींप्रमाणे एखाद्या साहेबाजवळ मन मोकळे करते, किंवा नानांप्रमाणे चार पाने लिहिते, तर आपण आज काय वाचले असते? लवकर मरण आलेल्या साक्षीदाराची बाजू इतरांनीच मांडावयाची असते, आणि त्या काळी ती मांडणारे बहुतेक प्रतिपक्षाचे होते. नाना गवतात लपले, हे त्यांच्याच लेखणीतून आल्यामुळे आपल्याला त्यांची दया येते. मल्हारराव रणातून निघाले, हे दुसऱ्याच्या तोंडून आल्यामुळे तो गुन्हा होतो. पळाले दोघेही, अठरा वर्षांच्या कारकुनाची आणि सदुसष्ट वर्षांच्या सेनानीची जबाबदारी सारखी नव्हे, हे मान्य करूनही हा फरक डोळ्यांआड करता येत नाही. माझ्या विद्यार्थ्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मग पळाले म्हणू की परतले म्हणू?" मी त्याला दोन्ही शब्द फळ्यावर लिहून कोणत्या पुराव्यावर कोणता शब्द बसतो ते वहीत मांडून आणावयास सांगितले. त्याने सात पाने लिहून आणली. त्यांपैकी निम्मी नजीबखानावर होती!

नानांचा शेवट सुखाचा झाला नाही. १७९५ त खर्ड्यावर सर्व मराठे सरदार एका छावणीत जमले, तो दिवस त्यांनी पाहिला. त्याच वर्षी सवाई माधवराव गेले आणि पुण्याचा कारभार नासला. १७९७ च्या अखेरच्या दिवशी दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी नानांना दगा देऊन पकडले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात टाकले. महादजींच्या गादीवर बसलेल्याने पानिपतच्या उरलेल्या साक्षीदाराला कैद करावे, असा तो योग होता. तेथून सुटून ते पुन्हा कारभारात आले, पण थोड्याच दिवसांकरिता. मार्च १८०० मध्ये ते वारले, तेव्हा पुण्यास इंग्रजांचा वकील म्हणून पामर साहेब होता. महादजींच्या झोपेतला घोडा ज्याने ऐकला, तोच हा. नानांबरोबर मराठी राज्यातील शहाणपण आणि नेमस्तपणा गेला, अशा आशयाचे त्याने आपल्या सरकारास कळविले. तीनच वर्षांत त्याचा प्रत्यय आला.

परंतु नाना हे नामांकितांतले शेवटचे. लढाईत साधी माणसे हजारोंनी वाचली होती. त्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत. पानिपतात जो विशीतला शिलेदार होता, तो २१ डिसेंबर १८१७ रोजी, महिदपुरास क्षिप्रेच्या काठी होळकरांची फौज इंग्रजांपुढे मोडली त्या दिवशी, पंचाहत्तरीच्या पुढे गेलेला असणार. माळव्यातील एखाद्या खेड्यात, देवळाच्या ओट्यावर, असा एखादा म्हातारा बसलेला असेल. संध्याकाळी पळून येणारे स्वार त्याला दिसले असतील. ते कोठून आले आणि पुढे कोणत्या वाटेने जाणार, हे त्याला कोणी सांगावे लागले नसेल. माल्कम साहेब महिदपूरच्या लढाईत होता आणि पुढील वर्षी माळव्यातील वृद्धांना जुन्या गोष्टी विचारू लागला. त्या ओट्यापर्यंत तो पोहोचला नाही.